कोपऱ्यापर्यंत गाडीनं

"मयताले जातेस काय?"

खोली भाड्यानं मागायला गेले होते, तेव्हा मामीनं मला विचारलेला पहिला प्रश्न हा. नाव नाही, गाव नाही, लग्न झालं की नाही, मटण-मच्छी खातेस की नाही, काही नाही. रायपुरात तोवर बऱ्याच घरमालकांनी मला हेच सगळं विचारून दारातून परत लावलं होतं, त्यामुळे ती उत्तरं तोंडपाठ होती. ह्या प्रश्नाची तयारी नव्हती.

"जाते ना," मी म्हटलं.

"कुठपर्यंत?"

"कुठपर्यंत म्हणजे?"

"म्हणजे कुठपर्यंत जातेस? आंगणापर्यंत, कोपऱ्यापर्यंत, का पुढं?"

"कोपऱ्यापर्यंत. बायका कोपऱ्यापर्यंतच जातात ना."

"हं," ती म्हणाली आणि शिलाई मशीनच्या सुईत दोरा ओवू लागली. "सगळ्या कोपऱ्यापर्यंतच जाता. घे, वरची खोली घे. नळ पाच वाजता येते. टाकी भरून ठेवत जाय."

एवढ्यावर मला घर मिळालं. नवं राज्य झालं त्या वर्षी आमच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांची नावं छत्तीसगडच्या यादीत निघाली होती. मी मूळची पांढुर्ण्याची, नोकरीला भोपाळला, आणि एका कागदानं एकदम रायपूरला. रायपूर राजधानी झालं होतं, पण घरांना कोणी कळवलं नव्हतं. माणसं रोज ट्रंका घेऊन उतरत होती, खोल्या होत्या तेवढ्याच. आमचे साहेब लॉजवर राहून लॉजच्याच टॉवेलनं फायली पुसत. त्यात मला तात्यापाऱ्यात, भर वस्तीत, मराठी बोलणाऱ्या बाईची खोली मिळाली म्हटल्यावर तिनं मयताचं विचारलं काय आणि बारशाचं विचारलं काय, मी कुठलंही उत्तर दिलं असतं.

सगळा पारा, म्हणजे मोहल्ला, तिला मामी म्हणायचा. मराठी, सिंधी, छत्तीसगढी, दूधवाला, पोस्टमन, सगळे. खरा भाचा एकच होता, बिलासपूरला, आणि तोही फार येत नसे. रेल्वेत नोकरीला असलेल्या नवऱ्याबरोबर ती वर्ध्याकडून इकडे आली आणि नवरा गेल्यावर परत गेली नाही. ब्लाऊज शिवायची. पाऱ्यातल्या एकूण एक बाईचं माप तिच्याकडे वहीत होतं, आणि तिला बायकांची नावं आठवत नसत, मापंच आठवत.

"कोण आली होती वो मामी?"

"ती नाही काय, चौतीस. बँकवाली."

एकदा मी ऑफिसातून आले तर तोंड पाडून बसली होती. "काय झालं?" तर म्हणे, "छत्तीस गेली." मला काही कळेना, पाऱ्यात छत्तीस पाच-सहा तरी होत्या. "अवो, गळ्याले लेस लावून घेई ती. बिचारी शेवटी शेवटी तीसची झाली होती. मीच तर ब्लाऊज आवळून दिले." आणि डोळ्यांना पदर लावला. मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना, काय करावं माणसानं!

तिच्या घराचा रंग राणी. पूर्ण राणी, दारासकट, जिन्यासकट, अंगणातल्या तुळशीच्या कट्ट्यासकट. दर दिवाळीला तोच. रंगवाला भैया दर वर्षी समजावून थकायचा, "मामी, क्रीम कर लो, शोभा देगा." मामी म्हणायची, "शोभा तू अपने घर ले जा." पत्ता सांगायला मात्र सोय होती. राणी रंगाचं घर म्हटलं की रिक्षावाला स्टेशनवरून डोळे मिटून आणून सोडायचा.

तर मयताचं. लोक लग्नाहून आले की पंगतीचं सांगतात, तशी मामी मयताहून आली की मयताचं सांगायची. हार शिळे होते. पंडित घाईत होता, त्याला दुसरीकडे सत्यनारायण होता. सून भल्ली रडली, पण रडता रडता कपाटाच्या चाव्या कमरेला खोचल्या, मी पाह्यलं. आणि पांढरं! सगळ्या पांढरं नेसून येतात, जशा काही नर्सा. "मेलेल्या माणसाले शेवटचं काय दिसते? चादरीच चादरी. त्याले वाटत असंल, दवाखान्यातच आहो अजून."

मग रात्रीचा भात टाकता टाकता स्वतःच्या मयताचं सुरू. तिच्या मापाच्या वहीत शेवटच्या पानावर तिचं स्वतःचं माप होतं, छाती, कंबर, बाही, सगळं, आणि त्याच्याखाली मयताची तयारी. एक, पांढरं नेसून आली तिला परत पाठवावं. दोन, धुमाल, म्हणजे ढोल-ताशांचा बँड, लावावा, आणि तो लग्नातल्यासारखा वाजवावा, मेल्यासारखा नाही. तीन, फुलं झेंडूचीच. चार, उदबत्ती नको.

"उदबत्ती काहून नको?" मी विचारलं.

"मले शिंका येतात."

"अवो मामी, मेल्यावर?"

"तू मरून पाह्यलं काय? नाही ना? मग नको म्हणजे नको."

पाचवं कलम समोरच्या काकूंबद्दल होतं. समोरच्या काकू म्हणजे भोसल्यांच्या काळापासून रायपुरात असलेलं घराणं. आम्ही सगळे रेल्वेनं आणि सरकारी बदलीनं आलेले, त्या मात्र इथल्या, आणि हे त्या दिवसातून एकदा तरी सांगत. आपली मराठी शुद्ध आहे असं त्यांचं म्हणणं होतं. "आमच्याकडे मला-तुला म्हणतात, तुमच्यासारखं मले-तुले नाही. उसमें क्या है, संस्कार लगते हैं." असं शुद्ध. तर पाचवं कलम असं, की समोरच्या काकूंनी 'फार सोशिक होती हो' असं म्हणायचं नाही.

"मी सोशिक नव्हती, हे लिहून ठेव," मामी मला म्हणाली. "तुझं अक्षर चांगलं आहे."

मी लिहून ठेवलं.

कफनाचं कापड घ्यायला आम्ही दोघी सदर बाजारात गेलो, ते मी जन्मात विसरणार नाही. आधी तर अर्धा तास चौकातच अडकलो. राजधानी झाल्यापासून हे एक नवीन निघालं होतं. कुठला तरी मंत्री निघाला की शिट्ट्या, दोऱ्या, सगळा बाजार स्कूटरींसकट गच्च उभा. मामी ऊन डोक्यावर घेऊन लाल दिव्याच्या गाड्या मोजत राहिली आणि शेवटी जवळच्या हवालदाराला म्हणाली, "भैया, मैं मरूंगी तब भी ऐसाच रोकना हां." हवालदारानं "हव मामी" म्हटलं. तो काय म्हणून हो म्हणाला, देव जाणे. उन्हानं त्याचंही डोकं ठिकाणावर नसेल.

दुकानात मामीनं राणी रंगाची थानं काढायला लावली. दुकानदार जुना ओळखीचा. "किसके लिए दिखाऊँ मामी, शादी है क्या?"

"मेरे लिए. मरने के लिए."

त्याच्या हातातलं थान सुटून काउंटरवरून खाली उलगडत गेलं. मला वाटलं आता हा आम्हाला हाकलतो. त्यानं थान गुंडाळलं आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "तो फिर कॉटन लीजिए. सिंथेटिक मत लीजिए मामी. जलते में चिपकता है."

मामी इतकी खूश झाली की तिनं त्याला तिथंच आशीर्वाद दिला. "पाह्यलं? याले म्हणते दुकानदार. गिऱ्हाईक मेलं तरी त्याची काळजी." साडेपाच मीटर कॉटन घेतलं. घरी आणून धुतलं, आटवलं, इस्त्री केली आणि काठाला पिको करायला बसली.

"कफनाला पिको कोण करतं मामी?"

"दोरे लोंबले तर लोक म्हणतील, शिवणाऱ्या बाईचं आणि असं! माझी इज्जत आहे की नाही?"

त्या पिकोच्याच दिवशी तिनं मला खरं ते सांगितलं. एवढा वेळ मी समजत होते की ही बाई विक्षिप्त आहे, बस, आणि विक्षिप्त माणसाची मजा पाहावी. मशीन चालू होतं, ती मान खाली घालून बोलत होती, आणि मशीनच्या आवाजात मला निम्मं पुढं सरकून ऐकावं लागलं.

तिचा नवरा गेला तेव्हा तिला कोपऱ्यापर्यंत नेलं. किराणा दुकान आहे ना पाऱ्याच्या तोंडाशी, तिथपर्यंत. तिथं कोणीतरी खांद्यावर हात ठेवला, "बस, इथपर्यंत." हात समोरच्या काकूंचा होता. ती थांबली. माणसं वळली आणि नवरा गेला.

"चाळीस वर्षं त्या माणसाले चपला मी काढून दिल्या," मामी म्हणाली. "रेल्वेत असून त्याले तिकिटाची खिडकी कुठं आहे ते माहीत नसे. नवीन जागी गेला की माझा पदर पकडून उभा राहे, हसत लोक. आणि त्या दिवशी तो एकटा कुठं गेला, मले माहीत नाही. रस्ता माहीत नाही, जागा माहीत नाही. कोपऱ्यावरून टाटा केला, झालं. बारा वर्षं मी त्या कोपऱ्यावरून भाजी आणून राहिली आणि पुढं पाहून नाही राहिली."

मशीन थांबलं.

"माझ्यासंगं बायका पाहिजेन. शेवटपर्यंत. मले एकटीनं नाही जायचं. ज्यांचे ब्लाऊज मी शिवले, ज्यांची पोटं झाकली, त्या मले कोपऱ्यावर सोडून देतील काय? धुमाल नसला तरी चालंल. राणी रंग नसला तरी चालंल. बायका पाहिजेन."

माझे बाबा गेले तेव्हा मीही कोपऱ्यावरच उभी होते. पांढुर्ण्याला, पिंपळाखाली. एकुलती एक मुलगी, आणि काकानं अग्नी दिला. मी हे मामीला कधी सांगितलं नव्हतं, तेव्हाही सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, "मी येईन मामी. शपथ."

मामीनं चष्म्यावरून मला नीट पाहिलं, जशी ती गळ्याचं माप घेताना पाही. "पाहू," म्हणाली.

मग तिनं बायकांना बोलावलं. चहा केला, शेव-चिवडा ठेवला आणि सरळ विषय काढला, की मी मेली की तुम्ही सगळ्यांनी घाटावर, चितेपर्यंत, यायचं. चिवड्याचे हात तिथंच थांबले. मग एकेकीला आठवायला लागलं. एकीचा सोमवार असतो. एकीची सून पोटुशी आहे, ती असते तोवर नाही जमत. एकीला धुराचा त्रास. मी ह्या सगळ्यांकडे रागानं पाहत होते, माझा काय मोठा तोरा होता तेव्हा!

काकू म्हणाल्या, "बाईमाणसाचं काळीज घाबरं असतं. पूर्वजांनी उगीच नाही ठरवलं. भूत लागतं."

"लागलं तर माझंच लागंल ना?" मामी म्हणाली. "मी तुमच्या अंगात येऊन काय करीन? तुमचं माप मले होत नाही."

सगळ्या हसल्या, काकूही हसल्या, पण हो कोणीच म्हणालं नाही. चहा संपला. मला वाटलं मामी आता भांडेल. ती भांडायला भीत नसे. पण तिनं कप गोळा केले आणि अगदी गरीब आवाजात म्हणाली, "बरं. घाटावर नका येऊ. कोपऱ्यापर्यंत तर यान? गुडघे सगळ्यांचे गेले. भनपुरीचा माझा गाडीवाला आहे, त्याले सांगून ठेवीन. कोपऱ्यापर्यंत गाडीनं या."

एवढ्याशा गोष्टीला नाही कोण म्हणणार? काकूंनी लगेच मान डोलावली. गुडघे काकूंचेच सगळ्यात जास्त दुखत होते. मला मामीचा इतका राग आला! एवढं सगळं बोलून शेवटी कोपऱ्यावरच आली म्हणून.

भनपुरीचा गाडीवाला म्हणजे एक मिशाळ, गप्प माणूस. त्याच्याकडे एक छोटा हाथी होता, मागं उघडा, मालाच्या टेम्पोसारखा. ट्रान्सपोर्टच्या आणि लोखंडाच्या मालाची ने-आण करायचा. त्याच्या तीन मुलींच्या लग्नातले सगळे ब्लाऊज मामीनं शिवले होते, आणि गाडीच्या काचेवरची झालरही. तो मामीपुढं तोंड उघडत नसे. त्या दिवाळीनंतर तो दोन दुपारी मामीला घेऊन कुठंतरी गेला. परत आली तेव्हा मामीच्या पांढऱ्या केसांत राणी रंग लागला होता. जिन्याखाली घराच्या रंगाचा उरलेला अर्धा डबा असे, तोही नव्हता.

"कुठं गेली होती?"

"पडदे लावाले."

"पडद्यांना रंग लागतो काय?"

"तू ऑफिसात लोकांच्या फायली पाय. माझी नको पाहू."

मामी गेली ती पुढच्या वर्षी, नवरात्राच्या तोंडावर, ब्लाऊजांच्या ऐन गर्दीत. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी दुपारी पाणी मागितलं, अर्धं प्याली, उरलेलं तुळशीला घालायला सांगितलं आणि गेली. मी तिच्या उशाशी बसून लहान पोरीसारखी रडले. खाली अकरा ब्लाऊज अर्धवट लटकत होते. काकूंचा एका बाहीचा होता. बायका येत, मामीला पाहून रडत, आणि डोळे पुसता पुसता खुंटीवर आपला ब्लाऊज कुठवर आलाय ते पाहून घेत. मामी असती तर म्हणाली असती, रडणं ठीक आहे, पदर नीट करा.

बिलासपूरचा भाचा आला. त्याला मी वहीचं शेवटचं पान दाखवलं. त्यानं वाचलं, कपाळाला हात लावला, "धुमाल? दीदी, लोग क्या बोलेंगे?" मी म्हटलं, जे बोलायचं ते मामीच्या समोर बोलू द्या, ती पडलीय तिथं. मग त्यानं धुमालवाल्याला फोन केला. उदबत्ती कोणीतरी लावली होती, ती मी स्वतः विझवली.

आणि बायका रंगीत नेसून आल्या! लाल, पिवळ्या, पोपटी. काकू उंबऱ्यात आल्या तर मी बघतच राहिले. त्यांचे यजमान गेल्यापासून त्यांना फिकटाशिवाय पाहिलं नव्हतं. अंगावर नवंकोरं मोरपंखी लुगडं, घडीच्या रेघा तशाच. "पेटीत पडलं होतं," म्हणाल्या, "आणि परत पाठवेल म्हणून भीती. तिचा काही नेम नाही." मग त्या मामीपाशी बसल्या, तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "फार सो..." आणि माझ्याकडे पाहून थांबल्या. "फार शिवलं हो हिनं," म्हणाल्या.

राणी रंगाच्या कफनात, पिको केलेल्या काठात, झेंडूच्या हारांत मामी निघाली. पुढं धुमाल, मग पुरुषांच्या खांद्यावर ती, आणि मागं छोटा हाथी, त्यात आम्ही नऊ बायका दाटीवाटीनं उभ्या. गाडीवाल्यानं मागचा फाळका वर करून कडी लावली. कडी बाहेरून होती, ते तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

किराणा दुकान आलं. कोपरा. पुरुष वळले, धुमाल वळला. मी टपावर थाप मारली. बायकांनी पदर सावरले, काकूंनी हात जोडले.

आणि गाडीही वळली.

"अरे रोको!" मी ओरडले. हो, मीच. सगळ्यांत आधी मी. "भैया, रोको, यहीं उतरना है!"

गाडी त्याच चालीनं पुढं. मग सगळ्याच ओरडायला लागल्या. काकू टपावर मुठी आपटत होत्या, "अरे मेल्या, कुठं नेतोस? आम्हाला चालत नाही!" एक म्हणत होती माझा सोमवार आहे, होता गुरुवार. धुमालच्या आवाजात आमचं कोण ऐकतं! रस्त्यावरच्या लोकांना वाटलं, काय रडतायत बायका, काय प्रेम असेल!

मी फाळक्यावर एक पाय टाकला. खरंच सांगते, उडी मारणार होते. साडी वर खोचली, हात टेकले. तेवढ्यात गाडीवाल्यानं मागची छोटी खिडकी सरकवली. इतक्या वर्षांत त्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"मामी ह कहे रिहिस, कोनो कतको चिल्लाही, गाड़ी रोकबे झन."

कोणी कितीही ओरडलं तरी गाडी थांबवू नको, असं मामी सांगून गेली होती. मग त्यानं आरशातून मला पाहिलं, पाय फाळक्यावर टाकलेल्या मला.

"ऑफिस वाली दीदी सबले पहिली चिल्लाही, अइसे घलो कहे रिहिस."

ऑफिसवाली दीदी सगळ्यांत आधी ओरडेल, हेही ती सांगून गेली होती. मी पाय आत घेतला. अशी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. शपथ मी घेतली होती, आणि माप तिनं घेतलं होतं. काकूंनी टपावरच्या मुठी खाली घेतल्या. मग त्या हसायला लागल्या, तोंडावर पदर घेऊन, गदगदून. त्यांचं पाहून दुसरी, मग तिसरी. नऊ बायका मयताच्या गाडीत हसतायत, रडतायत, कोण काय करतंय कळत नव्हतं.

सदर बाजारात चौकातल्या हवालदारानं धुमाल ऐकून शिट्टी फुंकली आणि चारी बाजूंची गर्दी थांबवली. तोच होता की दुसरा, मला आता सांगता येणार नाही. कापडवाला दुकानाच्या पायरीवर आला, हात जोडले, आणि कफनाकडे निरखून मला म्हणाला, "कॉटन ही लिया न, दीदी?" मी मान हलवली. त्याला बरं वाटलेलं दिसलं.

आणि मग घाट आला. इतकंच. कोपऱ्यापासून मयताच्या चालीनं पंधरा मिनिटं असतील. मी काय काय समजत होते! एक पत्र्याचं छप्पर, दोन कडुलिंब, एक नळ, तीन-चार बकऱ्या. भाचा धावत आला, "अरे, आप लोग यहाँ?" काकूंनी मोरपंखी पदर कमरेला खोचला आणि म्हणाल्या, "आता आलोच आहोत. तू तुझं काम कर."

गाडीवाल्यानं फाळका उघडला, आम्हाला हात देऊन उतरवलं आणि कडुलिंबाकडे बोट दाखवलं.

झाडाखाली एक लांब लाकडी बाकडं होतं. राणी रंगाचं. पाठीवर पांढऱ्या अक्षरांत, मामीच्या त्या मापाच्या वहीतल्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'बायकांसाठी'.

घाटावरचा माणूस लाकडं रचता रचता म्हणाला, "मामीजी ने रखवाया है. दीवाली के बाद दो दिन आई थीं. पेंट खुद किया. पूछा, बारह-तेरह साल पहले का आदमी किधर जला होगा. मैंने कहा, माताजी, सब इसी छत के नीचे जलते हैं. तो यहीं सामने बैठकर डब्बा खाया. फिर बोलीं, जगह ठीक है, हवा आती है."

पडदे लावायला गेली होती म्हणे! मला तिथं इतकं भरून आलं की नळापाशी जाऊन तोंडावर पाणी मारावं लागलं. नळाला पाणी होतं, हेही तिनंच भांडून आणवलं असेल.

काकू बाकड्यापाशी उभ्याच. बसेनात. "रंग लागेल," म्हणाल्या, "लुगडं नवं आहे."

मी वाकून पाहिलं. 'बायकांसाठी'च्या खाली, बारीक अक्षरात, आणखी एक ओळ होती: 'रंग वाळला आहे. बसा.'

काकूंनी ती ओळ वाचली. दोनदा वाचली. मग बसल्या. बाकीच्याही बसल्या, एकीला एक सरकवत. समोर भाच्यानं अग्नी दिला. राणी रंग आधी काळा झाला, मग पिवळा. कापड चिकटलं नाही. धुमालवाले फाटकापाशी खोळंबले होते, वाजवू का म्हणून विचारत होते. काकूंनी हातानंच खूण केली, वाजवा.

"ह्यांनाही इथंच आणलं असेल," थोड्या वेळानं काकू म्हणाल्या. त्यांच्या घरचे, चार वर्षांपूर्वी गेलेले. त्या दिवशी कोपऱ्यावर काकूंच्या शेजारी मामी उभी होती.

"हव," मी म्हटलं.

"एवढाच रस्ता होता?"

"हव काकू."

"मले वाटे, लय दूर असंल," काकू म्हणाल्या. शुद्ध मराठी वगैरे सगळं त्या विसरल्या होत्या. आगीकडे पाहत होत्या आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं, ते पुसतही नव्हत्या.

मी बाजूला उभीच होते. पाय फाळक्यावर टाकलेली मीच होते ना, मला त्या बाकड्यावर बसायचा हक्क वाटेना. काकूंनी सरकून हातभर जागा केली आणि त्या जागेवर थाप मारली.

"बस गं पोट्टे," त्या म्हणाल्या. "आता कुठला कोपरा पाहून राहिली?"

मी बसले.